सेकंदाचा पाचशेवा भाग

अन्याय बुधाबाईवर झाला. तळेघरच्या वरच्या अंगाला सात-आठ घरांची एक वाडी आहे, तिथली ही बुधाबाई. गेल्या वर्षी अक्षय्यतृतीयेच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी साडेअकराच्या सुमाराला, ती हिरड्याच्या झाडावर उभी असताना तो झाला. व्हायला सेकंदाचा पाचशेवा भाग लागला. करणारा साहेब नव्हता, ठेकेदार नव्हता, व्यापारी नव्हता. करणारी मी होते, आणि माझ्या हातात कॅमेरा होता.

हे सुरुवातीलाच लिहून टाकलं, कारण आमच्या पत्रकांत दोषी माणूस कायम टेबलाच्या पलीकडे बसलेला असतो. चार वर्षं मी शेतकरी-आदिवासींच्या संघटनेची अशी पत्रकं लिहिते आहे. टेबलाच्या अलीकडचं लिहायची ही पहिलीच वेळ.

यंदा पुन्हा वैशाख आलाय. बुधाबाईच्या घरासमोरच्या कातळावर हिरडा पसरलाय आणि त्याच्या कडेला, जांभळीच्या तुटपुंज्या सावलीत मी बसलेय. झाडावरून उतरतो तेव्हा बाळहिरडा हिरवागार असतो, बोटाच्या पेराएवढा. चार-पाच उन्हं खाल्ली की काळा पडतो, सुरकुततो, आणि पायानं सरकवला की खडखड वाजतो. वाळताना त्याचा एक वास सुटतो. तुरट. थोडा चहाच्या चोथ्यासारखा, थोडा तापलेल्या दगडासारखा. गेल्या वर्षी माझ्या ओढणीला तो लागला तो दोन धुण्यांत गेला नाही. बुधाबाईच्या बोटांवरचा डाग तर जातच नाही. हंगामभर तिची बोटं शाई सांडल्यासारखी काळी असतात. रेशनच्या मशीनवर अंगठा उठत नाही, म्हणून ती तो पदराला पुसते, परत ठेवते, परत पुसते. मागं रांग खोळंबते आणि रांगेतल्या बायका म्हणतात, "बुधे, आता दुसऱ्याचा लाव एखादा."

मी खोडदची. आमच्याकडे जमीन म्हणजे गट नंबर, सातबारा, बांध आणि बांधावरची भांडणं. माणसं वाटणीत झाडंही घेतात, हे इथं वर आल्यावर कळलं. जमीन कागदावर वनाची. झाडं घरांची, आणि कुठलं झाड कुणाचं हे अख्ख्या वाडीला तोंडपाठ. बुधाबाईच्या वाटणीला चार आली: वाकडं, जोडाचं, पाण्यावरचं, आणि सगळ्यांत मोठं ते सासऱ्याचं. दुसऱ्याच्या झाडाखाली पडलेला हिरडासुद्धा इथं कुणी घरी नेत नाही. वाटेत आला तर उचलून त्या झाडाच्या बुंध्याशी ठेवतात आणि पुढं जातात. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला आमच्या बांधावरचे कोयते आठवले आणि लाज वाटली.

नवरा होता तोवर बुधाबाईला नावाचा प्रश्न पडला नव्हता. तो गेला, आणि त्यानंतर वाडीच्या वर वनखात्याचं कुंपण पडणार अशी बोलणी सुरू झाली. कुंपण पडलं की ज्याचं नाव कागदावर आहे तोच आत जाणार. म्हणून गेल्या वर्षी आम्ही तिचा वनहक्काचा दावा भरला. ही चार झाडं मी राखते, मी काढते, माझ्या नावानं लावा. दाव्याला वाडीतल्या एका म्हाताऱ्याचा जबाब जोडला. दुसरा पुरावा हवा होता, आणि बुधाबाईच्या नावाचा कागद त्या डोंगरावर एकही नव्हता. मग ठरलं, फोटो जोडू. बुधाबाई स्वतः झाडावर चढून हिरडा काढते आहे असा फोटो. ते काम मी मागून घेतलं.

बैठकीत मी छान बोलले. मोबाईलच्या फोटोत काय वाट्टेल ते बदलता येतं, आपण रोलच्या कॅमेऱ्यानं काढू, निगेटिव्हला कुणी हात लावू शकत नाही, असं. सगळ्यांनी माना डोलावल्या. खरं कारण निराळं होतं. रोलवरचे काळेपांढरे फोटो मला गंभीर वाटायचे. ते काढणारी माणसंही गंभीर वाटायची. मला तसं दिसायचं होतं.

कॅमेरा दिला घोडेगावच्या अण्णांनी. अण्णांचं तिथं फोटोचं दुकान. म्हणजे आता ते झेरॉक्स, लॅमिनेशन आणि पासपोर्ट फोटो एवढंच उरलंय, पण काचेच्या कपाटात त्यांनी आपला जुना कॅमेरा पुसून ठेवलेला असायचा. एकेकाळी त्यानं त्यांनी अर्ध्या तालुक्याची लग्नं काढलीत. मी उसना मागितला तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग कॅमेऱ्याकडे, आणि खोडदला आमचं शेत कालव्यावर आहे का ते विचारलं.

"हाय ना. चारीवर."

"दारं धरलीत कधी?"

धरली होती. पाळी आली की आमच्या घरात शाळा बुडायची. एका वाफ्याचं दार फोडायचं, पाणी आत घ्यायचं, वाफा भरला की खोऱ्यानं माती ओढून दार बांधायचं आणि पुढचं फोडायचं. पाय चिखलात, डोळा पाण्याच्या कडेवर.

"मग तुमाला शिकवायचं काय राहिलं, ताई," अण्णा म्हणाले. त्यांनी भिंग काढून माझ्या हातात दिलं आणि त्याच्यावरचं कडं फिरवलं. आतल्या काळ्या पाकळ्या मिटत गेल्या, मधलं भोक बारीक होत होत हरभऱ्याएवढं झालं. हे अपर्चर, म्हणजे दार किती फोडायचं ते. वरची चकती शटरची, म्हणजे पाणी किती वेळ घ्यायचं ते. दार मोठं तर वेळ कमी, दार लहान तर वेळ जास्त. वाफा तेवढाच भरला पाहिजे. फुटून वाहिला तर फोटो पांढराफटक, कोरडा राहिला तर काळा. एकच गोष्ट उलटी होती: आकडा जितका मोठा तितकं भोक बारीक. सोळा म्हणजे उंदराचं बीळ आणि दोन म्हणजे गोठ्याचं दार, असं त्यांनी सांगितलं आणि ते माझ्या डोक्यात कायमचं बसलं.

शेवटी त्यांनी एक सोपा नियम दिला. या रोलला, उघड्या उन्हात, भोक सोळावर आणि शटर पाचशेवर ठेवायचं, डोळे झाकून. मी वहीत लिहिलं: सोळा, पाचशे. 'उघड्या उन्हात' हे लिहिलं नाही. एका ओळीत बसेल तेवढंच घ्यायचं आणि अट सोडून द्यायची, ही माझी पत्रकातली सवय. घोषणेत अट बसत नाही.

त्या सकाळी तळेघरला एसटीतून उतरले तेव्हा ऊन वर आलं होतं. पुढची गाडी दुपारशिवाय नव्हती आणि ती वाडीकडे जातही नाही. पायीच निघाले. करवंदीच्या जाळ्या, खाली भाताची मोकळी खाचरं, त्यांच्यात राब भाजलेल्या राखेचे काळे चौकोन. चढ संपता संपता काठीचा आवाज येऊ लागला. कुठल्या तरी झाडावर कुणीतरी फांद्या झोडत होतं आणि खाली पाचोळ्यावर हिरडा टपटपत होता.

बुधाबाई सासऱ्याच्या झाडावर होती. साठीच्या पुढची बाई, काष्टा घातलेला, पदर कमरेला आवळलेला, एक पाय बेचक्यात आणि दुसरा चक्क हवेत. ती मला तबकडीची पोर म्हणते. आमच्या खोडदला शिवारात रेडिओ दुर्बिणीच्या अवाढव्य तबकड्या उभ्या आहेत, हे तिला कुणीतरी सांगितलंय, आणि आभाळातलं बोलणं ऐकणाऱ्या गावातली पोरगी जमिनीवरचं काही ऐकत नाही असं तिचं मत आहे.

ती पानांच्या गर्द सावलीत होती. तिच्या मागं वैशाखाचं आभाळ, पत्र्यासारखं पेटलेलं. मी जमिनीवर आडवी झाले. खालून वर, आभाळाच्या पार्श्वभूमीवर श्रमणारी स्त्री. अशी चित्रं मी शंभर पत्रकांवर पाहिली होती. तिला म्हटलं, मावशी, हात वर करा. तिनं डोक्यावरची फांदी धरली.

"पोरी, ऊठ. मुंग्या हायेत तिथं."

उठले नाही. सोळा, पाचशे. खटका वाजला. मग मुंग्या चावल्या आणि मी उठले. बुधाबाई वर हसत होती, फांदी हलत होती, आणि माझ्या डोक्यावर हिरडा पडत होता.

खाली उतरून तिनं हात पुसले आणि बघू म्हणून पुढं केले. मी सांगितलं की यात लगेच दिसत नाही, रोल संपावा लागतो, मग पुण्याला धुवायला जातो, मग दिसतं.

"मंग त्यो कशाला आनला?" ती म्हणाली.

मी बैठकीतलं निगेटिव्हचं उत्तर दिलं. 

रोलमध्ये अकरा फोटो शिल्लक होते. ते वाया कसे घालवायचे म्हणून मी रोल लगेच दिलाच नाही. खोडदला जाऊन तबकड्या काढल्या, द्राक्षाचे मांडव काढले, आईचा काढला. मग रोल पुण्याला गेला. छापून आला तेव्हा ज्येष्ठ लागला होता, हिरडा संपला होता आणि दावा द्यायची मुदत चार दिवसांवर होती.

पाकीट उघडलं. झाडाची प्रत्येक फांदी सुईनं कोरल्यासारखी. मागं आभाळ, त्यात एक ढग, त्याची कडासुद्धा दिसत होती. आणि मधोमध हात उंचावलेली एक काळीभोर आकृती. नाक नाही, डोळे नाहीत, कपाळ नाही. कोळशानं काढावी तशी बाई.

आता जे लिहायचंय ते सगळ्यांत अवघड आहे. मला तो फोटो आवडला. चार दिवस हातात होते. वर जाऊन बुधाबाईला झाडाखाली उभी करून साध्या मोबाईलनं फोटो काढता आला असता. ते मनातही आलं नाही, कारण माझ्या हातातली गोष्ट मला सुंदर दिसत होती. संघटनेतही सगळ्यांना आवडला. उंचावलेला हात बघून एक जण म्हणाला, काय मूठ आहे. ती मूठ नव्हती, तिनं फांदी धरली होती. मी दुरुस्त केलं नाही. तोच फोटो दाव्याला जोडला आणि तोच पावसाळी मोर्चाच्या पत्रकावर पहिल्या पानभर छापला.

छाननीला बसलेले बाबू मूळचे आणे पठारावरचे. पाण्यासाठी वणवण केलेल्या गावचा माणूस. आडमुठा मुळीच नव्हता. त्यांनी फोटो उजेडाकडे धरला, चष्मा वर केला, खाली केला.

"फोटो एक नंबर आहे, ताई. कॅलेंडरवर छापा. पण अर्जदार कुठंय यात?"

मी बोट ठेवलं. ते म्हणाले, ही बुधाबाई आहे हे तुम्ही सांगताय म्हणून. उद्या दुसरं कुणी येऊन म्हणेल ही माझी आई, तर मी काय करू? मोबाईलवर काढला असता तरी ठिकाण आणि वेळ आली असती त्यात. मग मी त्यांना निगेटिव्हवरचं माझं भाषण ऐकवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, मग निगेटिव्ह आणा.

आणली. त्यांनी ती पट्टी खिडकीच्या काचेला लावली आणि आम्ही दोघं वाकून बघू लागलो. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं. उजेड जिथं पोचतो तिथं फिल्म काळी होते. जिथं काहीच पोचत नाही तिथं ती कोरी काच राहते. आभाळ काळंकुट्ट होतं. बुधाबाईच्या चेहऱ्याच्या जागी कोरी काच होती. तिच्यातून मला बाहेर उभी असलेली एसटी दिसली, आणि एसटीत चढणारी माणसं.

दावा परत आला. शेरा: अर्जदाराची ओळख पटत नाही. बाबूंनी फेरअर्जाची वाट सांगितली आणि तिच्यातला काटाही. फेरअर्जाला नंतर तयार केलेला पुरावा चालत नाही. पहिल्या अर्जाच्या आधीचाच हवा. म्हणजे आता मी कितीही उजळ फोटो काढला तरी तो उशिराचा.

हे सांगायला वर गेले तेव्हा आवणी चालू होती. गुडघाभर चिखल, इरली घेतलेल्या बायका, रोपांच्या मुठी. बुधाबाई बांधावर आली. कुणीतरी तिला आमचं पत्रक आधीच दिलं होतं, तिनं ते इरल्याच्या आत कोरडं ठेवलं होतं. ते काढून तिनं माझ्यासमोर धरलं आणि ओल्या बोटानं, कागदाला न लावता, फोटोवरून फिरवलं.

"झाड माझंच हाय," ती म्हणाली. "ही वाकडी खांदी, हितं मधाचं पोळं व्हतं. सासऱ्याचं झाड. पर वरती कोन हाय?"

टोमणा नव्हता तो. तिला खरंच कळलं नव्हतं. तिला झाड ओळखू आलं, फांदी ओळखू आली, पोळ्याची जागा ओळखू आली. स्वतः ओळखू आली नाही. मी सांगितलं. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "आसंल."

मला शिव्या चालल्या असत्या. 'आसंल' नाही झेपलं.

अण्णांकडे गेले. निगेटिव्ह बघून ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी ती नुसती दिव्यासमोर धरली आणि म्हणाले, "आभाळाचा वाफा भरला, ताई. टेलला पानी पोचलंच न्हाई." टेल म्हणजे चारीचं शेवटचं टोक. तिथल्या शेतकऱ्यापर्यंत पाणी पोचेपर्यंत वरच्यांनी दारं बांधून टाकलेली असतात. मी याच्यावर दोन पत्रकं लिहिली आहेत, कालव्याच्या टेलवर, कडक भाषेत. आणि माझ्या हातातल्या इवल्याशा दारानं तेच केलं होतं. ज्याच्याकडे उजेड उतू जात होता त्याचं मोजून माप घेतलं, आणि जी सावलीत उभी होती तिला उरलंसुरलं.

अण्णांनी त्या दिवशी जे शिकवलं ते वहीत अटींसकट लिहिलं. लांबून माप घेऊ नये. लांबून घेतलं की कॅमेऱ्यातलं उजेड मोजायचं यंत्र आभाळालाच मोजतं, त्याला तेवढंच दिसतं. ज्याचा चेहरा हवा त्याच्यापाशी जायचं, हातभर अंतरावर, त्याच्या गालावरचा उजेड मोजायचा, आकडे तिथंच लावायचे, आणि मग मागं यायचं. मागं आल्यावर यंत्राची सुई नाही नाही म्हणते. म्हणू द्यायचं. आभाळ पांढरं पडेल. पडू द्यायचं.

वर्षभर तेवढंच करत राहिले. संघटनेची कामं चालूच होती, पण पिशवीत अण्णांचा कॅमेरा असायचा. शटरच्या आकड्यांना मी माझ्या परीनं ओळखायला लागले. पाचशेला भाताच्या झोडणीतला पेंढा हवेत थांबतो, दाणासुद्धा सुटा दिसतो. साठाला झोडणाऱ्याचा हात विरघळतो आणि चेहरा राहतो, कारण झोडताना माणूस चेहरा हलवत नाही, दात आवळून धरतो. पंधराला आपलाच श्वास फोटोत येतो. नाचणी खुडणाऱ्या एका म्हातारीनं मला विचारलं, तू श्वास का धरतीस, तुला दमा हाय का. खोडदला तबकडी वळताना पाहिली. ती इतकी सावकाश वळते की भोक पार बारीक करून पूर्ण एक सेकंद शटर उघडं ठेवलं तरी फोटोत हलत नाही. तिथं नोकरीला असलेले आमचे एक शेजारी आहेत. त्यांना विचारलं तर म्हणाले, आमचं काम लई सोपं, जे अंधुक आहे त्याच्याकडं जास्त वेळ तोंड करून बसायचं. लहानपणापासून त्या तबकड्यांच्या सावलीत कांदा काढला, आणि हे मला कधी कुणाला विचारावंसं वाटलं नव्हतं.

गेल्या आठवड्यात पुन्हा वर आले. बुधाबाई पुन्हा सासऱ्याच्या झाडावर. यंदा ती पहिल्या बेचक्याच्या वर गेली नाही. गुडघा दुखतो म्हणाली, मग लगेच म्हणाली गुडघ्याला काय झालंय, झाडच उंच झालंय. मीही चढले. बुंध्याला छाती घासत, ओढणी फाडून घेत, तिच्या शेजारच्या फांदीवर पोचले आणि कॅमेरा तिच्या गालाशी नेला.

"येवढी जवळ कशाला येती? चावतीस का?"

"उजेड मोजतेय, मावशी."

"माज्या तोंडाचा? त्याला काय मोजायचं."

सुई सोळापासून फारच लांब होती. भोक चारवर आणलं, शटर दोनशेपन्नासवर. तेवढ्या जवळून तिचा चेहरा मी पहिल्यांदा बघत होते. भुवईत पांढरा झालेला एक केस. हनुवटीवर गोंदणाची तीन टिंबं, हिरवट, पसरलेली. डाव्या डोळ्याच्या कडेला जुनी खोक. विचारलं तर म्हणाली, याच झाडावरून, लगीन झालं त्या सालची. वर्षभरापूर्वी हे सगळं इथंच होतं. मी खाली मुंग्यांत पडून आभाळ मोजत होते.

खाली उतरले, मागं आले, आकडे हलवले नाहीत. सुई नाही नाही म्हणाली. खटका दाबला.

या वेळी अकरा फोटो शिल्लक ठेवून बसले नाही. अर्धा रोल तसाच धुवायला पाठवला आणि काल फोटो घेऊन आले. आभाळ कागदासारखं कोरं झालंय, ढगबिग काही नाही. कडेची पानं उजेडात वितळलीत. मधे बुधाबाई आहे. सगळी आहे. बुधाबाईनं कातळावर बसून फोटो मांडीवर घेतला आणि आधी हनुवटीवरची टिंबं मोजली, आहेत का तिन्ही म्हणून. मग म्हणाली, "माजी आई दिसती ही." मग म्हणाली, "लई थकले की गं मी." जावेला हाक मारून दाखवला. जाऊ म्हणाली, फोटोत तरी हसायचं. बुधाबाई म्हणाली, वर चढून बघ, मग हस तू.

जाऊ गेल्यावर तिनं फोटो उलटा करून मांडीवर ठेवला आणि मला विचारलं, "ह्यो चालंल का सायबाला?"

मी नाही म्हटलं. आधीचा लागतो हेही सांगितलं, तिसऱ्यांदा. ती हिरड्यात हात घालून वरखाली करत राहिली, आणि मग सहज, काही विशेष नाही अशा आवाजात म्हणाली, "आदीचे बी काडलेत की माजे. लईजणांनी."

कुणी, मावशी?

तेव्हा तिनं जे सांगितलं ते मी तिच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकत होते, कारण पहिल्यांदाच विचारलं होतं. भीमाशंकरला चालत जाणारी पुण्यामुंबईची माणसं. ती लग्न होऊन आली तेव्हापासून येतात. पाठीला पिशव्या, गळ्यात कॅमेरे. वाट या झाडांखालूनच जाते. ती पाणी द्यायची. ते झाडाखाली बसायचे, आपसात फोटो काढायचे, आणि वर चढलेल्या बाईचाही काढायचे. एकीनं तर तिला खाली बोलावून, धाकटं लेकरू कडेवर असताना, बुंध्याला टेकवून उभं केलं होतं. सगळे जाताना म्हणायचे, पाठवू. ती पत्ता सांगायची, ते लिहून घ्यायचे.

"आला का एखादा?"

"कुटला येतोय," ती म्हणाली. "पर काडले व्हते. मी हललेसुदिक न्हाई."

म्हणजे पुरावा आहे. डोंगरावर नसेल, तुमच्या घरात आहे. साहेबाला सांगून जे मिळत नाही ते तुमच्या कपाटाच्या वरच्या फळीवर, प्लास्टिकच्या खिशांच्या अल्बममध्ये पडून आहे. तुम्ही तेव्हा कॉलेजात होता, तुमच्या ग्रुपचा फोटो आहे, तुम्ही मधे आहात, आणि तुमच्या मागं झाडावर किंवा बुंध्याशी एक बाई आहे. आजवर तुम्ही त्या फोटोत स्वतःला बघितलंत.

फेरअर्जाची सुनावणी आवणीच्या आधी आहे. तेव्हा हा लेख खाली ठेवा आणि अल्बम काढा. तळेघर ते भीमाशंकर वाटेवरचा प्रत्येक फोटो बघा, तुमच्या मित्रांना बघायला लावा, ज्यांच्याशी आता बोलणं नाही त्यांनाही फोन करा. हनुवटीला भिंग लावा. हिरव्या गोंदणाची तीन टिंबं दिसली तर तो फोटो खिशातून सोडवा, निगेटिव्ह असेल तर तीही घ्या, आणि स्वतः घेऊन या. पोस्टानं नको, स्वतः. तळेघरला एसटीतून उतरून बुधाबाईची वाडी कुठली म्हणून कुणालाही विचारा. तुम्ही पाठवू म्हणाला होता. आणून द्या.